कचरीची फाईल

प्रणू, काल मी तुझी पोरगी विकत घेतली. तुमच्या बोरगावच्या अंगणात, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. रिवाज मूठभर कोंड्याचा आहे, पण मला ती फार महाग पडली. काय दिलं ते सांगतेच. त्याआधी तुझ्याशी थोडं भांडायचं आहे. तू जाऊन महिना झाला आणि या महिन्यात माझ्याशी कोणी धड भांडलेलं नाही. जो येतो तो समजावतो. समजावणाऱ्या माणसांचा मला किती वैताग येतो, तुला माहीत आहे.

आणि हसू नको. लिहायला बसले की माझं मराठी पुस्तकी होतं. "काय वं टकले, पेपरवानी बोलून राह्यली," असं म्हणायचीस. म्हण आताही.

टकली मी एकटी नव्हते. नागपूरच्या त्या वॉर्डात आपण शेजारी शेजारी पडलो तेव्हा दोघी नऊ वर्षांच्या होतो आणि दोघींच्या डोक्यांवर मिळून एक केस नव्हता. माझी आई म्हणायची, रक्त कमी झालंय. तुझी आई म्हणायची, टायफॉइड बिघडला. कॅन्सर हा शब्द आपल्याला फरशी पुसणाऱ्या मावशीनं सांगितला. तू तिला सरळ विचारलंस, "मंग मरते का?" ती बादलीत फडकं पिळता पिळता म्हणाली, "मरते बी, जगते बी. तू जेवत जाय." त्या दिवसापासून तू जेवायला लागलीस. माझ्या ताटातलंही.

आपल्या आया एकमेकींना आधीच ओळखत होत्या. वर्ध्याच्या बाजारात तुझी आई भाजी घेऊन बसायची आणि माझी आई मेथीच्या जुडीवरून तिच्याशी घासाघीस करायची. वॉर्डात दोघी एका डब्यात जेवल्या, पण मेथीचा विषय कधी निघाला नाही.

ते लाल औषध आठवतं ना? नळीतून थेंब थेंब उतरायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी लाल व्हायची. तू संडासातून ओरडून मला रंग सांगायचीस. एकदा "माही तं डाळिंबासारखी" म्हणालीस आणि बाहेर राउंडवरचे डॉक्टर उभे होते. ते हसले नाहीत, पण तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिले.

मग एकदा तू घरून परत आलीस ती कचरी होऊन.

औषधाच्या दोन फेऱ्यांमध्ये घरी सोडलं तेव्हा ताप चढला, दोन दिवस शुद्ध नव्हती, आणि तुझ्या आजीनं हाय खाल्ली. तिनं तुला सुपात बसवलं आणि शेजारच्या बाईला विकून टाकलं. मूठभर कोंडा घेतला. पोर हातचं जायला लागलं की आपल्याकडे जुनी माणसं असं करतात. पोर परक्याचं होतं, नाव कचरी, दगडी असलं काहीतरी ठेवायचं, म्हणजे न्यायला आलेल्याला वाटावं, या घरात न्यावं असं कोणी नाही, नुसता कचरा आहे. तू ते एवढं मनावर घेतलंस की सिस्टरनं "प्रणाली" म्हणून हाक मारली की उठायचीच नाहीस. "प्रणाली इथं नाई राह्यत," म्हणायचीस. सुईच्या भीतीनं रडणारी मी, आणि कचरी म्हणून हात पुढे करणारी तू. मला तुझा हेवा वाटायचा. मलाही विकावं म्हणून मी बाबांच्या मागे लागले होते. ते म्हणाले, "आपण भांडी विकतो, पोरी नाही विकत."

अडीच वर्षांनी आपण दोघी एकाच महिन्यात सुटलो. डॉक्टरांनी चौघा आईबापांना समोर बसवून सांगितलं, फाईल जन्मभर जपा, त्या लाल औषधानं पुढे कधीतरी हृदय कमजोर होऊ शकतं, दरवर्षी तपासून घ्या. चौघांनीही मान डोलावली. माझ्या बाबांनी फाईल प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून दुकानातल्या कपाटात ठेवली, मिक्सरच्या गॅरंटी कार्डांच्या वर. तुझ्या घरी मात्र मोठा कार्यक्रम झाला. लुगडं-नारळ देऊन तुला शेजारणीकडून सोडवून आणलं, पुरणपोळी केली, आणि तुझी उशी, गळालेले केस आणि ती फाईल एका फडक्यात बांधून पवनारला धाम नदीच्या पाण्यात सोडून दिली. मी होते तिथे. गाठोडं आधी तरंगलं, मग बुडलं. तुझे बाबा हात जोडून म्हणाले, "कचरी गेली. आमची प्रणाली आली." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. मला ते फार सुंदर वाटलं होतं, हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

आपलं भांडण तिथून सुरू झालं ते संपलंच नाही. मी दरवर्षी नागपूरला जाऊन छातीचा इको करून यायचे आणि तू मला वेड्यात काढायचीस. पुढे मी फार्मसी केलं, सिंदीला औषधाच्या दुकानात लागले, पुस्तकातून ते लाल औषध मला नावानिशी भेटलं, तशी मी तुझ्या जास्तच मागे लागले. चल एकदा. दहा मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. तू म्हणायचीस, "तू दरसाल जाऊन त्याले आठवण करून देते, का मी अजून इथंच आहो म्हणून." मी म्हणायचे, "अगं, आजार झाला होता तुला." त्यावर तुझं ठरलेलं उत्तर, "मले नाई झाला. कचरीले झालता."

आधी आपण त्यावर हसायचो. मग मी हसणं बंद केलं. शेवटी शेवटी तर तू हे बोललीस की माझे हात शिवशिवायचे. एकदा मी स्कूटी थांबवून तुला रस्त्यात उतरवलं होतं. तू बोरगावपर्यंत चालत गेलीस आणि घरी पोचून मला भेंडीचा फोटो पाठवलास, "घेऊन जाजो, ताजी आहे."

तुझं लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं, अमोलला सांगितलंस का. हिंगणघाटची माणसं, कापडाचं दुकान, मुलगा शांत. तू म्हणालीस, सांगायचं काय त्यात? मांडवात तू माझी ओळख करून दिलीस, "ही श्वेता, माही शाळेतली मैत्रीण." आपण एका शाळेत कधीच नव्हतो. मी हसून नमस्कार केला, मठ्ठा प्यायले आणि जेवून आले. फक्त तुझ्यासाठी गप्प बसले असं म्हणाले तर खोटं होईल. दवाखान्यातली मैत्रीण म्हटलं असतं तर मीही उघडी पडले असते. माझंही लग्न व्हायचं होतं.

सातव्या महिन्यात तू बाळंतपणाला आईकडे आलीस. आठवा लागला तशी मी जिलबी घेऊन आले, तर तू दारातून खाटेपर्यंत चालून आलीस आणि धापा टाकायला लागलीस. पाय सुजलेले. पाठीमागे तीन उशा. म्हणालीस, आडवं झालं की जीव घुसमटतो. तुझी आई, म्हणजे माझ्या काकू, म्हणाल्या, "पोट्टं मोठं आहे पोटात, असं होते." तुमची शेजारीण, आत्या, सगळ्यांनी तेच सांगितलं. तुझ्या तपासणीच्या डॉक्टरांनाही काही शंका आली नाही, कारण त्यांच्या कागदावर आधीच्या आजाराच्या पुढे तू 'काही नाही' म्हणून रेघ मारून घेतली होतीस.

काकू चहा करायला आत गेल्या तेव्हा मी म्हटलं, "उद्याच्या उद्या इको कर आणि डॉक्टरांना सगळं सांग. नाहीतर मी सांगेन." तू माझा हात धरलास आणि पोटावर ठेवलास. आतून पोरीनं लाथ मारली. म्हणालीस, "या पोराची शपथ आहे तुले. माह्या सासरी कळलं तं मले ठेवतीन का ते?"

नऊ दिवस, प्रणू. नऊ दिवस मी त्या शपथेला भिऊन गप्प बसले. औषधाच्या दुकानात उभी राहणारी मी, जिला त्या सुजेचा, त्या तीन उशांचा अर्थ कळत होता. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. दुकान उघडायचे, गिऱ्हाईक यायचं, दुपार व्हायची. रोज तुला फोन करायचे आणि तू म्हणायचीस, आज बरं आहे. तुझा आवाज दोन शब्दांनंतर तुटत होता. मी ऐकत होते. शिकलेली बाई शपथेला भिते का? भिते. तू मला पक्की ओळखून होतीस.

नवव्या दिवशी काकू स्वतः दुकानात आल्या. भाजीची पाटी अजून डोक्यावरच होती. "खोकल्याचं औषध दे वं, प्रणालीले दम घेऊ देत नाई खोकला." मी काउंटरवरून बाहेर आले. दुकान कोणाच्या हवाली केलं तेही आठवत नाही. बोरगावला पोचले तर तुझे ओठ जांभळे पडले होते आणि तू मला बघून म्हणालीस, "आली का पेपरवाली."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, लहानपणी काही मोठा आजार? काकू म्हणाल्या, "नाई जी. टायफॉइड झालता." मी मागे उभी होते. मी म्हटलं, "रक्ताचा कॅन्सर. नवव्या वर्षी. लाल औषध दिलं होतं." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मभर विसरणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, किती दिलं होतं? कागद? मी म्हटलं, कागद धामच्या तळाशी आहेत. त्यांना वाटलं मी डोक्यावर पडले आहे.

हृदय चौथ्या हिश्शानं काम करत होतं. पोरीला ऑपरेशन करून बाहेर काढलं, मूठभर होती, काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, अशा मुलींची बाळंतपणं होतात, आम्ही करतो, फक्त आम्हाला आधी माहीत पाहिजे. ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. शांतपणे बोलले. अमोल हिंगणघाटहून पोचले तोवर सह्या काकूंनी केल्या होत्या, आणि काकूंनी माझे पाय धरले होते. शब्दशः धरले. "जावयाले नको सांगू." अमोलला एवढंच कळलं की बाळंतपणात हृदय थकलं.

तू तीन दिवस होतीस. मला एकदाच आत सोडलं. तोंडावर ऑक्सिजन होता. तू मास्क बाजूला करून म्हणालीस, "टकले, तू शपथ मोडली." एवढंच. मग सिस्टरनं मास्क परत लावला. मी महिनाभर त्या चार शब्दांवर डोकं फोडून घेते आहे. चिडली होतीस? का सुटली होतीस? तुझा चेहरा मास्कमध्ये होता, मला दिसला नाही. मोडली, प्रणू. नऊ दिवस उशिरा मोडली. पहिल्याच दिवशी मोडली असती तर आज तू मला शिव्या देत असतीस आणि मी त्या आनंदानं खाल्ल्या असत्या.

तुझ्या तेरवीला तुझ्या सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची निघाली. आईले गिळून आली." मी ऐकलं आणि पत्रावळी उचलत राहिले. पोरगी पेटीतून घरी आली तेव्हा अमोलनं तिला मांडीवर घेतलं नाही. यायचे, खाटेच्या कोपऱ्यावर बसायचे, जमिनीकडे बघायचे, जायचे. मग काकूंच्या डोक्यात तेच आलं जे एकदा तुझ्या आजीच्या आलं होतं. पोरगी विकून टाकायची, म्हणजे तिच्यावरचं किटाळ जाईल. आणि विकायची मला. "तू जगली वं," काकू म्हणाल्या. "जगलेल्या बाईच्या हातानं झालं पाह्यजे. नाव कचरीच ठेवू."

इथे माझी गोम ऐक. तुझ्या सासूबाईंनी तेरवीतच मला पाहिलं होतं आणि त्यांच्या भाच्यासाठी विचारलं होतं. हो, माझ्यासाठी. यवतमाळचा मुलगा, बँकेत आहे. येत्या रविवारी ते बघायला येणार होते. फोटोत बरा दिसतो. दोनदा फोनवर बोललो होतो आणि मला आवडला होता, हे तुला सांगायला तू नव्हतीस म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही. काल निघताना आईनं दारात अडवलं. तिला माझ्या काखेतली प्लॅस्टिकची पिशवी दिसली होती. म्हणाली, "त्या बाईपुढे तोंड उघडशील तर याद राख. झाकली मूठ सव्वा लाखाची." बाबा आत पेपर वाचत होते. कपाटाची किल्ली त्यांनीच दिली होती.

अंगणात सूप मांडलं होतं. त्यात तुझ्या जुन्या साडीचा तुकडा आणि त्यावर तुझी पोरगी, तोंड उघडं टाकून झोपलेली, हुबेहूब तू. सासूबाई खुर्चीवर. अमोल खाटेच्या कोपऱ्यावर. काकूंनी माझ्या हातात कोंडा दिला आणि म्हणाल्या, "टाक अन् उचल."

मी मूठ उघडली नाही. घाम सुटला होता आणि कोंडा हाताला चिकटत होता. म्हटलं, "काकू, मी घेते. पण हिनं आईले खाल्लं म्हणून इकून राह्यले असाल तं नाई घेत. हिनं कोणाले नाई खाल्लं." आणि मग सगळं सांगितलं. वॉर्ड, लाल औषध, धामचं पाणी, तीन उशा, माझे नऊ दिवस. ज्या औषधानं प्रणाली जगली त्यानंच तिचं हृदय कच्चं केलं होतं, आणि ते आपण सगळ्यांनी मिळून लपवलं, हेही. काकू मधेच खाली बसल्या. रडल्या नाहीत. सुपाच्या काठाला हात लावून बसल्या.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आम्हाले फसवलं."

"हो. मीही होती त्यात. शाळेतली मैत्रीण म्हणून तुमच्या मांडवात जेवून गेलती."

त्यांची नजर पिशवीवर गेली. "अन् ही फाईल कोणाची?"

प्रणू, मला त्या क्षणी त्या बँकवाल्याचा आवाज आठवला. मग सुपाकडे पाहिलं. तुझ्या पोरीनं झोपेत ओठ मुडपले.

"माही," मी म्हटलं. "मले बी तोच झालता."

त्या उठल्या, चपला घातल्या, फाटकापाशी थांबून म्हणाल्या, "अमोल, चाल." आणि रविवारचं माझं तिथेच मिटलं. आज सकाळी यवतमाळहून निरोप आला, मुलाला इतक्यात करायचं नाही म्हणे. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, सकाळभर रडले.

अमोल मात्र उठले नव्हते. त्यांनी विचारलं, "मले काऊन नाई सांगितलं तिनं?"

"तुम्ही नाई म्हणाल म्हणून."

मग म्हणाले, "म्हणलं असतं का मी?" हे ते मला विचारत नव्हते. बहुतेक तुला विचारत होते. तू त्यांना एकदा तरी विचारून पाहायला पाहिजे होतंस, हे मी तुझ्या तोंडावर सांगितलं असतं.

मी मूठ उघडून कोंडा काकूंच्या ओंजळीत झाडला आणि वाकून सूप धरलं. तेवढ्यात अमोल जवळ येऊन उभे राहिले. महिन्यात पहिल्यांदा त्यांनी पोरीकडे नीट पाहिलं. म्हणाले, "आता ही तुमची झाली ना?"

"झाली."

"मंग मी उचलू का?"

उचला म्हटलं. त्यांना धरताच येईना, मान लोंबायला लागली. मी त्यांचा हात घेऊन तिच्या मानेखाली ठेवला. ती जागी झाली आणि असं भोकाड पसरलं की शेजारच्या बाया कुंपणाशी आल्या.

नाव ठेवायचा मान विकत घेणारीचा. काकू डोळे पुसून कचरीवरच अडून बसल्या, रिवाज आहे, मोडू नको, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही काकू, नाव तिचा बाप ठेवेल. पण ते कचरी नसेल. कचरी नावाची पोरगी तुमच्या घरात कधी नव्हतीच. जे झालं ते प्रणालीला झालं होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग अमोलच्या हातातल्या पोरीकडे, आणि पहिल्यांदाच तो शब्द तोंडातून काढला. हळू. "हो," म्हणाल्या, "आमच्या प्रणालीले कॅन्सर झालता."

मंगळवारी माझा इको आहे. अमोल पोरीला घेऊन नागपूरला येणार आहेत, त्यांना तिथल्या डॉक्टरांशी बोलायचं आहे. आज दुपारी मी एक नवी फाईल आणली. पहिल्या पानावर पोरीचं नाव लिहायची जागा रिकामी ठेवली आहे. खाली आईचं नाव लिहिलं, प्रणाली, आणि त्याच्या पुढे आजार लिहिला, वर्षासकट. तर आपलं भांडण संपलं, प्रणू. मी जिंकले. आता त्याचा तुला काही उपयोग नाही, पण कळवायला पाहिजे होतं.